मुलाखतीला जाण्याआधी

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या आईचा फोन आला. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झाला, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं आणि पुढच्या आठवड्यात पुण्यातल्या दोन हॉस्पिटलांत मुलाखती आहेत, हे ऐकून मन भरून आलं. मग ती म्हणाली, "पोरगी रात्ररात्र प्रश्नोत्तरं पाठ करत बसते." म्हणून आज सकाळी सगळी कामं बाजूला ठेवून हे पत्र लिहायला बसले.

मी बरीच वर्षं वॉर्डात काढली आणि नंतर काही वर्षं मुलाखतीच्या टेबलामागेही बसले. तिथे बसलेल्या मेट्रनच्या, म्हणजे मुख्य नर्सच्या मनात एकच प्रश्न घोळत असतो. रात्रीचे दोन वाजलेत, डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर अडकलेत, अशा वेळी या मुलीच्या हाती वॉर्ड सोपवला तर पेशंट सुरक्षित राहील का? ती तुला काहीही विचारो, कान त्या एका उत्तराकडे लागलेले असतात.

"स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की मुली वडिलांच्या नोकरीपासून सुरुवात करतात. तू थेट कामावर ये. कुठे शिकलीस, कोणत्या वॉर्डांत पोस्टिंग झाली, हाताला काय बसलंय. तू सर्जिकलला होतीस, तर ड्रेसिंग, ड्रेनच्या नळीतून किती स्राव आला ते मोजणं, ऑपरेशननंतर पेशंटला पहिल्यांदा उभं करणं, हे सांग. दोन मिनिटं पुरतात.

"नर्सिंगच का?" याला बहुतेक मुली फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा पुढे करतात. आपण पुण्याची माणसं, आपल्याला सावित्रीबाई आठवायला हव्यात. 1897 च्या प्लेगमध्ये मुलगा डॉ. यशवंत यांच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात त्या रोग्यांना आणत होत्या आणि त्याच साथीत 10 मार्चला गेल्या. मला आजही ते आठवलं की नमस्कार करावासा वाटतो. पण मुलाखतीत तुझं स्वतःचं कारण दे. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा तू अकरावीत होतीस. दर दोन तासांनी तिची कूस बदलायचीस, पाठीवर कुठे लाल झालंय का बघायचीस, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तेच सांग.

आता खरी परीक्षा. "पेशंटला रक्त चढवणं चालू आहे आणि त्याला थंडी वाजून कापरं भरलं. काय कराल?" हा प्रश्न मी स्वतः कितीतरी जणींना विचारला. बऱ्याच जणी म्हणायच्या, "डॉक्टरांना कळवेन." कळवायचंच आहे गं, पण तू फोनपर्यंत पोचेपर्यंत ते रक्त आत जातंच आहे! आधी रक्त बंद. सुई काढायची नाही, नवा सेट लावून नॉर्मल सलाईनवर शीर चालू ठेवायची. लगेच डॉक्टरांना निरोप, आणि ते येईपर्यंत नाडी, बीपी, ताप, श्वास बघायचा. पिशवीवरचं नाव, नंबर, रक्तगट पुन्हा पेशंटशी ताडायचा. पिशवी सेटसकट ठेवायची, रक्तपेढीला परत जाते ती. मग नोंद. हा क्रम असाच सांग आणि प्रत्येक पायरीचं कारण तुझ्या डोक्यात असू दे. रक्त सुरू केल्यावर पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळ का थांबायचं, हेही विचारतील. गंभीर रिअॅक्शन बहुधा सुरुवातीलाच दिसते, म्हणून.

डॉक्टरांना फोनवर काय सांगशील, हे मोठ्याने बोलून सराव कर. "सर, पेशंट बरा वाटत नाही" हा काही निरोप नव्हे. आपण कोण, कुठल्या वॉर्डातून, पेशंट कोण, आत्ता काय झालं, आधीचं काय, आता बीपी-नाडी किती, आणि तुम्ही यायला हवंय का. "सर, सर्जिकल वॉर्डातून स्टाफ बोलतेय. पाच नंबरचे काका, सकाळी हर्नियाचं ऑपरेशन. बीपी 110 वरून 80 वर आलंय, नाडी 124, ड्रेसिंग भिजलंय. तुम्ही लगेच या." एवढं नीट बोललीस तरी मेट्रन मान वर करून तुझ्याकडे बघेल.

हिशेबही विचारतात. 500 मिली सलाईन चार तासांत, सेट मिलीला 20 थेंबांचा, तर मिनिटाला साधारण 42 थेंब. मात्र सेटच्या पाकिटावर थेंबांचा आकडा छापलेला असतो, तो आधी बघेन, असं म्हण. इन्सुलिनबद्दल बोलताना तर फार जप. आपल्याकडे मिलीला 40 युनिटची वायल (औषधाची बाटली) मिळते आणि 100 ची पण. 100 ची वायल आणि 40 ची सिरिंज अशी गल्लत झाली, तर डोस अडीचपट जातो. वायल आणि सिरिंज जुळतात का ते बघायचं आणि दुसऱ्या स्टाफकडून तपासून घ्यायचं.

"तुमच्या हातून कधी चूक झालीय का?" इथे "नाही" म्हणू नकोस. पहिल्या वर्षी मी एका हॉस्पिटलात होते. वॉर्डात एकाच आडनावाचे दोन आजोबा, आणि संध्याकाळी त्यांचे बेड बदललेले. मी बेड नंबर बघून इन्सुलिन भरून गेले. आजोबांची लेक म्हणाली, "सिस्टर, बाबांना साखर नाहीये." सुई हातात होती. मी थांबले, फाइल बघितली आणि पाय लटपटले. पेशंटला काही झालं नाही, तरी हँडओव्हरच्या, म्हणजे ड्युटी बदलताना, वेळी सगळ्यांसमोर इनचार्जना सांगितलं. तेव्हापासून पूर्ण नाव आणि आयपीडी (भरती) नंबर, दोन्ही पेशंटच्या मनगटावरच्या पट्टीशी ताडल्याशिवाय मी औषध दिलं नाही. बेड नंबर ही ओळख नसतेच. तुझ्याकडेही असा एखादा प्रसंग असेल. काय झालं, लगेच काय केलंस, कोणाला सांगितलंस, नंतर काय बदललंस, एवढं बोल. दुसऱ्यावर ढकलू नकोस.

चिडलेल्या नातेवाइकांबद्दल थोडक्यात: आधी ऐकून घ्यायचं, आवाज चढवायचा नाही, आजार आणि उपचारांबद्दलचं डॉक्टरांकडूनच सांगवायचं, अंगावर येतायत असं वाटलं तर सिक्युरिटी आणि सुपरवायझर.

एखादी गोष्ट केलेली नसेल तर "पाहिलीय, स्वतः केली नाही, सीनियरसमोर करेन" असं स्पष्ट म्हण. व्हेंटिलेटर हाताळल्याची थाप मारलीस तर पुढच्या दोन प्रश्नांत उघडी पडशील, आणि नोकरी मिळालीच तर त्या थापेची किंमत पेशंट मोजेल. हे मी कळकळीने सांगतेय.

पगार, नाईट किती, ठरावीक काळ नोकरी सोडता येणार नाही असा बॉन्ड आहे का, हे शेवटी विचारायला लाजू नकोस. सही करण्याआधी बॉन्डचा कागद घरी आणून वाच. मूळ सर्टिफिकेटं दाखव, पण जमा करून येऊ नकोस, झेरॉक्स दे.

रविवारी दुपारी जेवायलाच ये. मी मेट्रन होऊन समोर बसेन. तोवर पोस्टिंगमधले तीन पेशंट आठवून ठेव. नावं नकोत, पेशंटची नावं बाहेर बोलायचीच नसतात. त्यांना काय झालं होतं आणि तू काय केलंस, एवढंच मला सांग.

तुझी,
मावशी