धर्माचा अभ्यास केला तर श्रद्धा जाईल का?

हिंगोली जिल्ह्यातले एक माळकरी गृहस्थ, वय 51, किराणा दुकान सांभाळणारे. बी. ए. कधीच झालेलं. इग्नूतून, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून, हिंदी माध्यमात हिंदू अध्ययनाचं एम. ए. करायची इच्छा होती, पण अर्ज तसाच पडून होता. "मॅडम, बापजाद्यांपासून वारी आहे आमच्याकडं. आता ग्रंथात खरंखोटं बघायला लागलो तर पाप नाही का लागणार? अन् ह्या वयात डोक्यात शिरंल का?"

वयाचं उत्तर सोपं आहे, प्रवेशाला वयाची अट नाही. पापाची भीती मात्र खरी असते आणि ती हसण्यावारी नेऊ नये. त्यांना पैठणच्या एकनाथ महाराजांची आठवण करून दिली. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत पाठभेद, म्हणजे शब्दांचे फरक, शिरले होते, म्हणून नाथांनी 1584 मध्ये तिची शुद्ध प्रत तयार केली. आज विद्यापीठात पाठचिकित्सा म्हणतात ती हीच, आणि ती एका संताने श्रद्धेपोटी केली. पदवीच्या परीक्षेत तुम्ही काय मानता हे कुणी विचारत नाही. कोण म्हणालं, कशाच्या आधारावर म्हणालं, एवढंच विचारतात.

खरी अडचण लिहिण्यात निघाली. सरावासाठी "नामदेवांचं जन्मस्थान" यावर पानभर उत्तर लिहायला दिलं. सुरुवात नमनाने झाली, मध्ये दोन चमत्कार आले, शेवटी प्रार्थना. "जन्म नरसीचाच" (नरसी हे हिंगोली जिल्ह्यातलंच गाव) हे वाक्य ठामपणे तीनदा लिहिलेलं, पण एकदाही आधार नाही. कीर्तनात हे शोभतं, उत्तरपत्रिकेत याला गुण मिळत नाहीत. मग वहीच्या पानावर उभी रेघ मारायला सांगितली. डावीकडे परंपरा काय सांगते, उजवीकडे त्याचा पुरावा कोणता आणि वेगळं मत कोणाचं. नरसीच्या समोर पंढरपूरचं मतही लिहावं लागलं. पहिल्यांदा त्यांचा हात अडखळला. त्याच पानावर गुरु ग्रंथ साहिबातली नामदेवांची 61 पदं आली, तेव्हा नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात हेच नामदेव गायले जातात हे पाहून उलट त्यांचा उत्साह वाढला.

"मला काय वाटतं" यासाठी वेगळी वही. ती परीक्षकासाठी नाही.

वेळेचा हिशेब प्रवेशाआधीच मांडावा, कारण प्रौढ विद्यार्थी बहुतेक इथेच गळतात. इग्नूत एका क्रेडिटला साधारण 30 तासांचा अभ्यास धरतात, म्हणजे चार क्रेडिटचा पेपर 120 तासांचा. असे चार पेपर सहा महिन्यांत एकदम घेतले तर रोज पावणेतीन तास लागतात, आणि दुकान चालवून ते जमत नाही. गृहपाठाला म्हणजे असाइनमेंटला 30 टक्के आणि सत्रांत परीक्षेला 70 टक्के भार असतो. दोन्हींत स्वतंत्रपणे पास व्हावं लागतं. परीक्षा छान गेली म्हणून असाइनमेंट न दिलेल्यांचा पेपर अडकून राहतो.

दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम चार वर्षांपर्यंत पूर्ण करता येतो, त्यामुळे घाई नको. परीक्षा जून आणि डिसेंबरच्या असतात. जूनची बरोबर पेरणी आणि आषाढी वारीच्या तोंडावर येते. म्हणून त्यांनी जड वाटणारे पेपर डिसेंबरला ठेवले, जूनला एकच.