परतीचं वळण

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. पायलटचं लायसन्स हातात येऊन तीन महिने झाले, सांगलीहून आई-बाबा आलेत, आणि शनिवारी त्यांना सेस्ना १७२ या छोट्या विमानातून ब्लॉक आयलंड बेटावर न्यायचं तू ठरवलंयस. ‘मावशी, जाताना सगळे ठिपके हिरवे आहेत, रविवारी संध्याकाळी येताना थोडे निळे दिसतायत. जमेल ना?’ असं विचारलंस. हवामानाच्या नकाशावर हिरवा म्हणजे स्वच्छ, निळा म्हणजे ढग खाली किंवा दिसणं कमी, काठावरचं हवामान. फोनवर ‘नको’ म्हणून मोकळी झाले असते. पण नुसत्या ‘नको’ने तुझं भागणार नाही. मी शेजारी नसताना असे निळे ठिपके तुला शेकडो वेळा दिसणार आहेत, म्हणून सविस्तर लिहितेय.

उडायला शिकवताना दुसऱ्या आठवड्यात मी तुला डोळे मिटून, मान खाली घालून बसायला लावलं होतं, आठवतंय? मी हळूहळू, अगदी तुला कळणार नाही इतक्या सावकाश विमान डावीकडे कलवलं आणि विचारलं, ‘आपण काय करतोय?’ तू ठामपणे म्हणालास, ‘सरळ चाललोय.’ डोळे उघडलेस तेव्हा डावा पंख ३० अंश खाली होता, नाक पडलं होतं आणि अल्टिमीटरचा, म्हणजे उंची दाखवणारा काटा उलटा फिरत होता. तुला फार गंमत वाटली. ढगात शिरलेल्या माणसाचं नेमकं हेच होतं, फक्त डोळे उघडायला सांगणारं कोणी नसतं. आणि उघडे असले तरी काचेबाहेर पांढऱ्याशिवाय काही नसतं.

कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांत द्रव असतो. आपण वळलो की द्रव मागे राहतो, आतले बारीक तंतू वाकतात आणि मेंदूला वळण कळतं. पण एकाच वेगाने वळत राहिलं तर दहा-वीस सेकंदांत द्रवही त्याच वेगाने फिरायला लागतो. तंतू सरळ होतात आणि मेंदू म्हणतो, वळण संपलं. विमान तर वळतंच असतं. मग पंख खरोखर सरळ केलेस की कान सांगतो, ‘अरे, उजवीकडे कलतोयस!’ आणि तू पुन्हा डावीकडे वळतोस. कललेल्या विमानाचं नाक खाली जातं, वेग वाढतो, वाऱ्याचा आवाज चढतो. घाबरून तू योक, म्हणजे हातातलं सुकाणू, मागे ओढतोस. पंख कललेले असताना योक ओढलं की विमान वर जात नाही, गिरकी आणखी घट्ट होते. यालाच ग्रेव्हयार्ड स्पायरल म्हणतात. यात हुशारी, धाडस, चांगला हात यांचा काही उपयोग नाही. कान सगळ्यांचे सारखेच.

१९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात, बाहेर न बघता फक्त इन्स्ट्रुमेंटवर, म्हणजे समोरच्या उपकरणांवर, उडायची सवय नसलेल्या २० पायलटांना घेऊन प्रयोग केला होता. बाहेरचं दिसणं बंद केल्यावर विसाच्या विसांचा विमानावरचा ताबा गेला. १९ जण गिरकीत गेले, एकाने नाक इतकं वर ओढलं की विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांचा आधार सुटला. सरासरी वेळ १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटंही नाहीत. हा आकडा तू कुठेतरी ऐकला असशील. पण प्रयोगाचा पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. त्याच लोकांना ढगातून वळून मागे फिरायची साधी पद्धत शिकवली, आणि नंतर जवळजवळ प्रत्येक वेळी ते सुखरूप बाहेर आले. माझा सगळा भर या दुसऱ्या भागावर आहे.

आता तुझ्या रस्त्याबद्दल. १६ जुलै १९९९ च्या रात्री अध्यक्ष केनेडींचे चिरंजीव जॉन केनेडी ज्युनिअर न्यू जर्सीतल्या आपल्याच एसेक्स काउंटी विमानतळावरून पायपर साराटोगा हे छोटं विमान घेऊन निघाले. सोबत पत्नी आणि मेहुणी होती. कनेक्टिकटचा किनारा धरून ते पॉइंट ज्युडिथपर्यंत गेले, तू जाणार आहेस तोच रस्ता. तिथून उघड्या समुद्रावरून मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे वळले. हवेत धूसरपणा होता, रात्र काळोखी होती. कायद्याच्या हिशेबाने हवामान व्हीएफआरच, म्हणजे बाहेर बघून उडवण्याजोगंच, होतं. त्यांच्याकडे सुमारे ३१० तासांचा अनुभव होता, इन्स्ट्रुमेंट रेटिंगचं, म्हणजे फक्त उपकरणं बघून उडवायच्या परवान्याचं, शिक्षण अर्धवट होतं. त्या दिवशी त्यांच्या एका इन्स्ट्रक्टरने ‘मी सोबत येतो’ म्हटलं होतं. त्यांनी एकट्यानेच उडवायचं ठरवलं. समुद्र आणि आकाश एक झालं, क्षितिज नाहीसं झालं. शेवटी विमान मिनिटाला ४७०० फुटांहून जास्त वेगाने खाली येत होतं. विमानात ऑटोपायलट होता. एनटीएसबी या अपघात तपासणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या अहवालात ढगात शिरल्याचा उल्लेख नाही. धूसर हवा, रात्र आणि पाणी, एवढंच पुरलं.

रेटिंग असलं की झालं, असंही समजू नकोस. २०२० मध्ये बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांना घेऊन निघालेलं हेलिकॉप्टर कॅलाबासासच्या टेकड्यांत पडलं. त्या पायलटकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग होतं, पण ते उड्डाण मात्र जमीन दिसत राहील या भरवशावरचं होतं. ढगात गेल्यावर ‘आम्ही वर चढतोय’ असं त्याने कंट्रोलरला सांगितलं, तेव्हा हेलिकॉप्टर खाली येत होतं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच जाणवत होतं.

आता माझं सांगते, कारण तू मला फार सावध समजतोस. लायसन्स मिळून सात महिने झाले होते. लँकेस्टरला मैत्रिणीकडे गणपतीला गेले होते. परत निघाले तेव्हा शेजारच्या सीटवर मोदकांचा डबा होता, पट्टा लावून ठेवलेला. सोमवारी ऑफिसात सकाळची मीटिंग होती. ३००० फुटांवर निघाले. ढग जरा खाली आले म्हणून २५०० वर उतरले. मग २०००. मग १५००. प्रत्येक वेळी फक्त पाचशे फूट, प्रत्येक वेळी ‘पुढे उघडेल’. ॲलनटाउनच्या अलीकडे मी हायवे ७८ धरून जमिनीपासून हजार फुटांवर चालले होते. याला स्कड रनिंग म्हणतात, हे पुस्तकात वाचलेलं होतं. मी तेच करतेय हे डोक्यात आलंच नाही. ढगाची भिंत अशी दिसलीच नाही. हायवेवरच्या गाड्यांचे दिवे पुसट झाले, मग एकदम गेले, आणि काच राखाडी झाली.

मला त्या काटेरी सेकंदांतल्या दोनच गोष्टींचं नीट स्मरण आहे. एक, मोदकांचा डबा सरकून दाराला टेकला होता. पट्टा होता, तरी सरकला, म्हणजे विमान कललं होतं. मला मात्र आपण सरळ आहोत असंच वाटत होतं. दुसरं, इंजिनाचा आवाज वाढत होता आणि माझा हात योक ओढायला निघाला होता. नेमका तेव्हा वळण दाखवणारा टर्न कोऑर्डिनेटर दिसला. त्यातलं छोटं विमान उजवीकडे कललेलं होतं. मी आधी पंख सरळ केले, मग नाक. सगळं अंग ओरडून सांगत होतं की मी चुकतेय. ढगाच्या तळातून बाहेर आले तेव्हा खाली मक्याचं शेत होतं, आणि झाडांचे शेंडे वेगवेगळे मोजता येतील इतक्या जवळ होते. जवळच्या एका छोट्या धावपट्टीवर उतरले. पाय थरथरत होते, विमानातून बाहेर यायलाच दहा मिनिटं लागली. मोटेलमध्ये रात्र काढली. मीटिंग माझ्याशिवाय झाली.

म्हणून सांगते, वळायचं कधी ते ढगाजवळ पोहोचल्यावर ठरवू नकोस. तिथे डोकं चालत नाही, पुढे वाट बघत थांबलेली माणसंच दिसत राहतात. आकडे घरी, टेबलावर, चहा पिताना लिही. कायदा दिवसा बहुतेक ठिकाणी तीन मैल दिसलं तरी जाऊ देतो. तू यंदा पाच मैलांपेक्षा कमी दिसत असेल किंवा ढग ३००० फुटांपेक्षा खाली असतील तर जाऊ नकोस. रात्री पाण्यावरून तर रेटिंग होईपर्यंत नाहीच. पहिल्यांदा ढगांमुळे ठरलेली उंची सोडावी लागली की तिथेच वळायचं, दुसऱ्या पाचशे फुटांची वाट बघायची नाही. संध्याकाळी तापमान आणि दवबिंदू यांत दोन अंशांचं अंतर उरलं की धुक्याची तयारी झाली असं धर. आयपॅडवरच्या रडार चित्रावर विसंबून फटीतून वाट काढू नकोस, ते चित्र पंधरा-वीस मिनिटं जुनं असू शकतं.

आणि तरीही सापडलासच, तर आधी पंख सरळ, नजर ॲटिट्यूड इंडिकेटरवर, म्हणजे कृत्रिम क्षितिज दाखवणाऱ्या तबकडीवर, बाहेर बघायचं नाही. ऑटोपायलट असेल तर लाव. मग हलकं, स्टँडर्ड रेटचं, म्हणजे सेकंदाला तीन अंशांचं वळण. एका मिनिटात तू आलास त्या दिशेला तोंड होतं. रेडिओवर लाजू नकोस. ‘मी व्हीएफआर पायलट आहे, ढगात आहे, मदत हवी’ इतकं साध्या शब्दांत सांग. कोणाशी बोलत नसशील तर आणीबाणीच्या १२१.५ फ्रीक्वेन्सीवर ये आणि ट्रान्सपाँडरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्रावर, आणीबाणीचा ७७०० टाक. लायसन्स जाईल या भीतीने गप्प बसलेल्यांची फार वाईट उदाहरणं आहेत. नंतर कागद लिहावा लागला तर लिहू, मी बसेन शेजारी.

आई-बाबांना निघायच्या आधीच सांग की आपण कदाचित अर्ध्यातून परत येऊ, किंवा रविवारी तिथेच राहू. ते रागावणार नाहीत. सांगलीहून इतक्या लांब ते तुला बघायला आलेत, बेट बघायला नाही.

गुरुवारी सकाळी आठला हँगरवर ये. बाहेरचं दिसू न देणारा फॉगल्सचा चष्मा माझ्याकडे आहे. मागे फिरायचं वळण दहा वेळा करून घेऊ, दर वेळी मी विमान थोडं वेडंवाकडं करून तुझ्या हातात देईन. शनिवार चांगला निघाला तर खुशाल जा. ब्लॉक आयलंडहून पॉइंट ज्युडिथला फेरी जाते. तिचं रविवारचं आणि सोमवारचं वेळापत्रक छापून तुझ्या फ्लाइट बॅगेत वरच ठेव, आणि बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या दोन दिवसांच्या जास्त घे.

तुझी,
मावशी