शिकायचंय, पण कुणाकडून?

मे २०२०. कोरोनाच्या लॉकडाऊनचा तिसरा टप्पा १७ मेपर्यंत होता. जळगाव-धुळे रेड झोनमध्ये, नंदुरबार ऑरेंजमध्ये होतं. २५ मार्चपासून घरात अडकलेल्या वाचकांच्या पत्रांत दोनच तक्रारी फिरून फिरून येत होत्या. एक, वेळ असूनही काही शिकून होत नाही. दुसरी, फोन सतत हातात असूनही कुणाशी धड बोलणं होत नाही. माझ्या मते दोन्हींचं मूळ एकच आहे. आपण पडद्याकडून शिकायला बघतोय आणि माणसांना नुसती ख्यालीखुशाली विचारतोय. त्यातली काही पत्रं आणि माझी उत्तरं खाली.

वय ३४, चोपडा. शिवणकाम, इंग्रजी, केक, योगासनं, डिजिटल मार्केटिंग, सगळे कोर्स सुरू केले, एकही पुरा झाला नाही. मैत्रिणी रोज स्टेटसला नवीन काहीतरी टाकतात. माझ्यातच खोट आहे का?

खोटबिट काही नाही. फुकटचे ऑनलाइन कोर्स लावणारे बहुतेक लोक ते मध्येच सोडतात, आणि हे कोरोनाच्या आधीपासून चाललंय. "काय गं, झालं का?" असं विचारणारं पलीकडे कुणी नसतं. शिवाय व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं, कात्री हातात घेतली की कळतं काय समजलं ते.

शिवणकाम ठेवा, बाकीचं सोडून द्या. घरात मशीन आहे असं तुम्हीच लिहिलंय. आता तुमचे ब्लाउज शिवून देणाऱ्या ताईंना फोन करा. लग्नसराई बुडाली, त्यांचं कामही बंद असणार. आठवड्यातून तीनदा अर्धा तास शिकवायचे रीतसर पैसे ठरवा आणि फोनवरून पाठवा. ओळखीपाळखीत फुकट शिकू नका. फुकट शिकवणाऱ्याला फार विचारताही येत नाही. जुन्या साडीच्या कापडावर ब्लाउज बेता, मुंढ्याची (बाही जोडायच्या जागेची) शिलाई घातली की जवळून फोटो काढून त्यांना पाठवा. मुंढ्याला चुणी का पडली, हे त्यांना फोटो बघताक्षणी कळेल. व्हिडिओतल्या बाईला तुमचा मुंढा दिसतच नाही.

एका दिवशी चार तास बसू नका. हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने १८८५ साली स्वतःच्याच पाठांतरावरचे प्रयोग छापले. सलग घोकण्यापेक्षा दिवसांचं अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते, हे त्यात दिसलं आणि पुढे पुन्हा पुन्हा खरं ठरलं. मधल्या दिवशी काही न बघता कागदावर बेतणी आठवून काढा. अडलं तरच वही उघडा.

स्टेटसचं म्हणाल तर फसलेला केक कुणीच टाकत नाही.

धुळ्याहून एक नवी सून. लग्नानंतरची पहिली आखाजी (अक्षय्य तृतीया), २६ एप्रिलला माहेरी जाता आलं नाही. आईकडून मांडे (खापरावरच्या मोठ्या पुरणपोळ्या) शिकायचे होते. फोनवर विचारलं तर म्हणते, "अंदाजाने घे." असं कसं शिकायचं?

पहिली आखाजी सासरीच गेली, याचं वाईट वाटणारच. झोका नाही, बहिणी नाहीत. पण आमरस आहे तोवर मांड्यांचं निमित्त संपलेलं नाही.

आईला कृती विचारू नका. सांगणाऱ्या बाईला आपण काय करतो ते शब्दांत सांगता येत नाही, ते तिच्या हाताला ठाऊक असतं. एकाच वेळी दोघींनी दोन स्वयंपाकघरांत कणीक भिजवायची. आईला सांगा, नेहमीचीच वाटी घे, पण पीठ आणि पाणी घालताना मोठ्याने मोजत जा. दोन खेपांत तिचा 'अंदाज' वहीत उतरेल. पीठ वस्त्रगाळ लागतं, तेवढी तयारी आदल्या दिवशी करून ठेवा.

फोन वरून धरू नका, बाजूने डब्याला टेकवून ठेवा. वरून नुसती परात दिसते. तुम्हाला बघायचं असतं ते वेगळंच: सैल कणीक उचलली की ती किती लोंबते, पाणी लावून आपटल्यावर तिला तार कधी सुटते, आणि मांडा दोन्ही हातांवर फिरताना आईची बोटं मिटलेली असतात की पसरलेली. पहिल्या दिवशी पुरण भरूच नका. नुसती कणीक हातांवर ताणून बघा. फाटली तर परत गोळा करता येते. पुरणाच्या वेळी डाळीचा एकही दाणा अख्खा ठेवू नका, तो दाणा जिथे येतो तिथेच मांडा फाटतो. खापर (मांडे भाजायचं उपडं मातीचं भांडं) पुरेसं तापलंय का, हे फोनवर दिसत नाही. आई पाण्याचा शिपका मारून आवाजावरून ओळखत असेल तर तो आवाज तिला फोनवर ऐकवा.

आणि सासूबाईंना खापराजवळ बसवून घ्या. त्यांच्या माहेरची तऱ्हा थोडी निराळी निघेल, विहीणबाई फोनवर त्याच्यावरून वाद घालतील, घालू द्या. लग्नात नीट बोलायला न मिळालेल्या दोघी बायका अशा निमित्ताने बोलतात.

बहिणींचं म्हणाल तर एप्रिल २०२० च्या अखेरीस व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलवर चारऐवजी आठ जण येऊ लागले. मात्र आखाजीची गाणी सगळ्यांनी एकदम म्हणू नका. आवाज मागेपुढे पोचतो आणि नुसता गोंगाट होतो. एकीने म्हणायचं, बाकीच्यांनी माइक बंद ठेवायचा, मग पुढचं कडवं दुसरीने.

सुरतला, उधन्यात राहतो. लूम बंद आहेत. आईवडील शिंदखेडा तालुक्यात. रोज फोन करतो. "बठ्ठं बरं शे ना?" (सगळं बरं आहे ना?) "शे." एवढ्यावर फोन संपतो. वडिलांना कमी ऐकू येतं.

खान्देशातल्या किती घरांचा एक पाय सुरतेत आहे, हे या दोन महिन्यांत सगळ्यांनाच कळलं. तुमच्या फोनवर बोलायला विषयच नाही, कारण दोन्हीकडे काही घडत नाही. मग विषय मागून आणायचा. वडिलांकडून वंशावळ लिहून घ्या. पणजोबांचं नाव काय, कुठल्या गावाहून आले, कुठली जमीन कधी घेतली, विहीर कोणी खोदली. एका फोनला एकच पिढी. तुम्ही वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम एखादं नाव चुकीचं वाचून दाखवा. वडील दुरुस्त करतील, आणि दुरुस्त करता करता चार गोष्टी जास्तीच्या सांगतील.

ऐकू कमी येणारा माणूस ओठ बघून बरंच समजतो. म्हणून व्हिडिओ कॉल करा आणि उजेड तुमच्या तोंडावर पडेल असे बसा; पाठीमागे खिडकी असली की चेहरा काळा दिसतो. ओरडू नका, सावकाश बोला. पंखा बंद करून बोला असंही सांगितलं असतं, पण मे महिन्यात ते कुणी ऐकणार नाही. सकाळी सातला करा फोन.

अमळनेर, बीए दुसरं वर्ष. कॉम्प्युटर नाही, फोनवर दिवसाला दीड जीबी. एक्सेल शिकता येईल का?

येईल. गुगल शीट्स फोनवर चालतं, नेट नसतानाही चालतं. सूत्रं तीच, पडदा तेवढा लहान. पण कोर्सातल्या काल्पनिक कंपनीच्या विक्रीवर शिकू नकोस. तुझ्या काकांची केळी आहे असं लिहिलंयस, त्यांचा हिशेब घे. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) एका पानावर, कांदेबाग (पावसाळ्यानंतरची) दुसऱ्या. रकाने असे: तारीख, घड, वजन क्विंटलमध्ये, भाव, कापणीची मजुरी, गाडीभाडं, हातात आलेली रक्कम. आधी बेरीज, मग क्विंटलमागे खर्च, मग भाव पडला तेव्हा किती गेले ते. काका रोज एक प्रश्न विचारतील आणि त्याचं उत्तर काढताना तुला नवीन सूत्र शोधावं लागेल. काकांना दाखवताना जे समजावून सांगता आलं नाही, ते अजून तुला आलेलं नाही असं समज.

"सर्टिफिकेट मिळेल, आधी पैसे भरा" असे मेसेज आले तर पुसून टाक. केंद्र सरकारच्या 'स्वयम'वरचे कोर्स फुकट शिकता येतात. फी लागते ती शेवटच्या परीक्षेची, आणि तीही द्यायची असेल तरच.

भुसावळ, रेल्वेतून निवृत्त. आमच्या जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर नुसते फॉरवर्ड आणि काढ्याचे उपाय. ग्रुप सोडू का?

सोडू नका, म्यूट करा. आणि रोज सकाळी एक जुना फोटो टाका, खाली एवढंच लिहा: "डावीकडून तिसरा कोण?"

धडगाव तालुक्यातले शिक्षक. वरून ऑनलाइन शिकवायला सांगतात. पाड्यावर नेटवर्क नाही, बहुतेक घरांत साधा फोनही नाही. मुलांशी संपर्क कसा ठेवू?

दीक्षा हे सरकारी शिक्षणाचं अ‍ॅप वगैरे तुमच्यापुढे काढत नाही. ज्यांनी सांगितलं त्यांना एकदा तो चढ चढून नेटवर्क शोधायला लावा.

तुमच्याकडे सध्या घरोघरी आमचूरसाठी कैऱ्या सोलून वाळत घालण्याचं काम चालू असेल, आणि मुलंही त्यात असतील. तिथेच शिकवा. रेशनला किंवा बाजाराला खाली येणाऱ्या माणसाबरोबर प्रत्येक पाड्यावर एक हाताने लिहिलेला कागद पाठवा. आज किती कैऱ्या सोलल्या, फोडी ओल्या असताना वजन किती, वाळल्यावर किती, व्यापाऱ्याने किलोला काय दिलं. चौथीच्या मुलाने मोजायचं, सातवीच्या मुलीने वजाबाकी आणि भाव काढायचा, लहानांनी चित्र काढायचं. आजीकडून आमचूरची रीत ऐकून घरच्या बोलीतच लिहायची, पावरीत असेल तर पावरीत, शुद्धलेखन तपासू नका. कागद परत येताना त्याच माणसाच्या हाती येईल. आठवडा लागला तरी चालेल.

पाड्यावर एक जरी साधा फोन असेल आणि टेकडीवर रेंज मिळत असेल, तर दिवस आणि वेळ ठरवा, तिकडून मोठी मुलगी मिस्ड कॉल देईल आणि तुम्ही उलट फोन कराल असं. दहा मिनिटांत प्रत्येक मुलाचं नाव घेऊन त्याच्या कागदातलं एक काहीतरी विचारा. व्यापाऱ्याचा भाव दोन पाड्यांवर वेगळा निघाला, तर तोही त्यांना कळू द्या.