नव्या कॅनन कॅमेऱ्याच्या रॉ (सेन्सरने टिपलेल्या कच्च्या) फाइल लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत उघडत नाहीत. सगळ्यांचं जेपेग करून रॉ काढून टाकल्या तर चालेल का?

रॉ काढू नका, हे सगळ्यात आधी. तुमच्या सीआर३ (कॅननच्या रॉ) फाइल जुन्या लाइटरूममध्ये उघडायची सोय होते, तीही फुकटात.

सीआर३ हा प्रकार कॅननने २०१८ मध्ये आणला, त्याआधीच्या सॉफ्टवेअरला तो ओळखताच येत नाही. त्यात प्रत्येक नव्या मॉडेलची माहिती सॉफ्टवेअरमध्ये वेगळी भरावी लागते, म्हणून नवा कॅमेरा घेतला की हा त्रास ठरलेलाच. फाइलच्या नावातलं एक्स्टेन्शन बदलून काहीही होत नाही, त्या नादाला लागू नका.

उपाय म्हणजे सीआर३चं डीएनजी करायचं; डीएनजी हा अडोबीचा रॉ प्रकार, तो जुन्या लाइटरूमला उघडता येतो. त्यासाठीचा अडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतो. त्याची नवीनच आवृत्ती घ्या. त्यात फाइल निवडायची नसते, अख्खा फोल्डर निवडायचा असतो. फोल्डरच्या आत शिरलात तर तो रिकामा दिसेल आणि फोटो गेले की काय असं वाटेल. फोटो जागेवरच असतात. बाहेर या, फोल्डर निवडा आणि डीएनजी ठेवायला दुसरी जागा द्या. प्रेफरन्सेसमध्ये कम्पॅटिबिलिटी तुमच्या लाइटरूमच्या आवृत्तीला जुळेल अशी ठेवा. लॉसी कॉम्प्रेशनवर (फाइल लहान करताना माहिती गाळणाऱ्या पर्यायावर) खूण करू नका.

आता जेपेगबद्दल. सेन्सरवरच्या प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजता येतो. ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बेयर यांची, पेटंट १९७६ चं. रॉमध्ये ती कच्ची मोजमापं असतात आणि बाकीचे रंग शेजारच्या पिक्सेलवरून नंतर काढले जातात. १४ बिटच्या रॉमध्ये एका पिक्सेलला १६,३८४ पातळ्या मिळतात, जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला फक्त २५६. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या माणसाचा फोटो घ्या. चेहरा काळवंडलेला असतो. रॉमध्ये सावली उचलली की डोळे, भुवया, गालावरचा उतार हळूहळू वर येतो. तेच जेपेगमध्ये केलं की गालावर ठिगळं पडतात, कारण अंधारातले बारीक फरक फाइल बनतानाच टाकून दिलेले असतात. व्हाइट बॅलन्सचंही (प्रकाशामुळे आलेली पिवळी-निळी झाक काढण्याचंही) तसंच: रॉमध्ये तो नंतर हवा तसा ठरवता येतो, जेपेगमध्ये पिवळा पडलेला फोटो कितीही ओढाताण केली तरी पुरता सुधारत नाही. म्हणून जेपेग हे पाठवण्यासाठी, छापण्यासाठी. साठवून ठेवायला रॉच हवं.

जेपेगऐवजी टिफ हा दुसरा फाइल प्रकार सुचवणारेही भेटतील. २४ मेगापिक्सेलचा १६ बिट टिफ कॉम्प्रेशनशिवाय १४४ एमबीच्या घरात जातो. एखाद्या फोटोवर फोटोशॉपमध्ये बारीक काम करायचं असेल तर तेवढ्यापुरता करा, सरसकट नको.

डीएनजी झाल्यावर सीआर३ काढाव्यात का? मी काढत नाही. कॅननचं स्वतःचं सॉफ्टवेअर असे डीएनजी उघडत नाही, आणि डीएनजीवरून परत सीआर३ बनवता येत नाही. मूळ फाइल वेगळ्या हार्ड डिस्कवर साठवून ठेवा.

जुनं लाइटरूम सोडायची तयारी असेल तर डार्कटेबल किंवा रॉथेरपी पाहा. दोन्ही मोफत आहेत, पण आपलं मॉडेल त्यांच्या यादीत आहे का ते आधी तपासा.

आणि जेपेग कुणाला पाठवणार असाल तर एक्स्पोर्ट करताना कलर स्पेस (रंगांचा आवाका ठरवणारी सेटिंग) एसआरजीबी ठेवा, नाहीतर समोरच्याच्या स्क्रीनवर रंग फिके दिसू शकतात.