धूळ पुसलेली पेटी

प्रश्न : माझे वय ४७ आहे. मी सांगलीत एका पतसंस्थेत नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी मुलगा शिक्षणासाठी बाहेरगावी गेला. घरात आजारपण नाही, पैशाची ओढाताण नाही, तरीही कशातच मन रमत नाही. आनंद नाही आणि दुःखही नाही. पूर्वी मी रोज पेटी वाजवत असे. आता दर रविवारी तिच्यावरची धूळ पुसते आणि झाकण न उघडताच उठते. सगळे म्हणतात, ‘मनावर घे’. मी आळशी झाले आहे का?

उत्तर : आळशी माणूस दर रविवारी पेटीवरची धूळ पुसत नाही. तुमची ओढ शिल्लक आहे. अडते ते झाकणापाशी.

आजार म्हणावा असे काही नाही, पण जगण्यात उमेदही नाही, या मधल्या अवस्थेचे वर्णन अमेरिकी समाजशास्त्रज्ञ कोरी कीज यांनी २००२ मध्ये केले होते. आपण तिला मरगळ म्हणतो. डबा, शाळा, परीक्षा यांनी इतकी वर्षे तुमचा दिवस बांधलेला होता. तो बांध एकदम सुटल्यावर अशी पोकळी जाणवणे स्वाभाविक आहे. मात्र सगळे मनावर ढकलण्यापूर्वी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ यांच्या तपासण्या करून घ्या. रजोनिवृत्तीच्या आसपासच्या काळातही थकवा आणि उदासी येते, त्याविषयीही डॉक्टरांशी बोला.

‘मनावर घे’ हा सल्ला मला उलटा वाटतो. उत्साह आला की काम करू, असे म्हणत आपण थांबतो. काम सुटल्यामुळे त्यातून मिळणारे समाधान आटते आणि समाधान आटले की उत्साह आणखी ओसरतो. हे चक्र मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी १९७० च्या दशकात मांडले आणि ते कृतीच्या बाजूने तोडण्यावर पुढे उपचारपद्धती उभी राहिली. म्हणून पूर्ण राग वाजवण्याचा संकल्प सोडून द्या. कामावरून आल्यावर, चहा टाकण्यापूर्वी, झाकण उघडून पाच मिनिटे फक्त षड्ज धरा. वाजवण्यापूर्वी आणि नंतर मनाला दहापैकी किती गुण द्याल, ते वहीत लिहा. पहिल्या आठवड्यात दोन्ही आकडे बहुधा सारखेच दिसतील. महिना होईपर्यंत त्यांचा अर्थ लावत बसू नका.

परंतु दोन आठवडे जवळजवळ रोज उदासी किंवा ही अनास्था टिकून असेल, सोबत झोप वा भूक बिघडली असेल किंवा स्वतःविषयी घृणा वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि मनोविकारतज्ज्ञांना भेटायला हवे. जगणे नकोसे वाटले, तर एक दिवसही थांबू नका. ‘टेली मानस’ची १४४१६ ही सरकारी दूरध्वनी सेवा विनामूल्य आहे आणि अहोरात्र चालते.

इतके दिवस बंद राहिलेल्या पेटीची एखादी पट्टी अडकली असेल, भाता हवा सोडत असेल. वाद्यकारागिरांचे मिरज तुमच्या शेजारीच आहे. पेटी दुरुस्तीला नेली, तर ती फेरीही वहीत गुणांसह लिहावी.