फिसरख्त, विद् आणि ड्रुइड

‘आयरिशमध्ये कुतूहलाला फिसरख्त म्हणतात, हा शब्द आपल्या वेदावरून तिकडे गेला, हे खरं का?’ असा प्रश्न आला आहे.

गेलेला नाही. सगळ्या भाषा संस्कृतातून निघाल्या हे पालुपद आता पुरे झालं. इंग्रज संस्कृतपंडित विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचं मूळ एक मानलं आणि केल्टिकही, म्हणजे आयरिश जिच्या शाखेतली तीही, त्याच गोतावळ्यात धरली. ते मूळ संस्कृत, असं तो म्हणाला नव्हता. बहिणीला आई का करायचं?

‘फिस’ म्हणजे ज्ञान, ‘फिसरख’ म्हणजे चौकस, त्यावरून ‘फिसरख्त’. शब्दाच्या आरंभीचा जुना ‘व’ आयरिशमध्ये ‘फ’ होतो: आपला ‘वीर’ तिकडे ‘फॅर’, म्हणजे पुरुष. ‘वेद’ ज्यातून आला त्या ‘विद्’ (जाणणे) या धातूपुढे ‘त’ आला की संस्कृतात ‘त्त’ होतो (वेत्ता), तिकडे ‘स्स’. म्हणून ‘विद्’चा ‘फिस’. ‘मला ठाऊक आहे’ हे आयरिश माणूस ‘ता अ इस अगम’ असं म्हणतो, म्हणजे ‘त्याचं ज्ञान माझ्यापाशी आहे’. त्यातला ‘इस’ हा ‘फिस’च, ‘फ’ उच्चारात गळतो.

फिसरख्तला सरसकट ‘जिज्ञासा’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. जिज्ञासा ‘ज्ञा’ची. ‘ज्ञात’चा आयरिश भाऊ ‘ग्ना’. ओळखीचा होता होता तो ‘नेहमीचा’ या अर्थावर येऊन बसला. ‘विद्’पासून आपल्याकडे झालेली जाणण्याची इच्छा म्हणजे विविदिषा! बृहदारण्यकात ‘विविदिषन्ति’ आहे, वेदान्तात विविदिषासंन्यास, म्हणजे जाणण्याच्या इच्छेने घेतलेला संन्यास, आहे, आणि मराठीने हा देखणा शब्द पार अडगळीत टाकला. प्रत्यय निराळे, पण धातू तोच.

हाच ‘विद्’ ‘ड्रुइड’मध्येही, म्हणजे प्राचीन केल्टिक लोकांच्या पुरोहिताच्या नावातही आहे: द्रु-विद्. रोमन लेखक प्लिनीने हे नाव ग्रीक ‘द्रूस’शी, म्हणजे ओकशी जोडलं, आणि पहिल्या शतकातलं ते अर्धं उत्तर लोक आजही पूर्ण म्हणून सांगतात. उरलेल्या ‘विद्’चं काय? आधुनिक पंडितांत तंटा आहे तो ‘द्रु’वरून. काही म्हणतात झाड, काही म्हणतात पक्का, म्हणजे ‘पक्कं जाणणारा’. माझ्या मते हा तंटाच फोल आहे. संस्कृतात दारु म्हणजे लाकूड, आणि त्यावरूनच दारुण म्हणजे कठीण. लाकडातून कठीणपणा आपल्याकडे निघतो, तर गॉलमध्ये, म्हणजे प्राचीन फ्रान्सच्या केल्टिक मुलखात, का निघू नये? झाड की पक्का, अशी निवड करायला लावणाऱ्यांनी आधी ‘दारुण’चं उत्तर द्यावं.