उबंटू सर्व्हरला आयएफकॉन्फिग कमांडने दिलेला आयपी रीबूट केला की उडतो, कायमचा कसा करायचा?

आयएफकॉन्फिगने आयपी दिलाय म्हणताय ना, मग उडणारच तो. ती कमांड फक्त चालू कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) सांगते, डिस्कवर काहीच लिहीत नाही. आणि जुने लेख वाचून नेटवर्क सेटिंगची जुनी इंटरफेसेस फाइल भरत बसू नका, उबंटूने १७.१० व्हर्जनपासून त्या कामाला नेटप्लॅन आणलंय.

आधी 'आयपी ए' मारून नेटवर्क कार्डाचं नाव बघा, ईटीएच० आता क्वचितच असतं, ईएनपी३एस० असलं काहीतरी दिसेल, तेच जसंच्या तसं वापरायचं. मग ईटीसीमधल्या नेटप्लॅन फोल्डरातली यामल फाइल उघडा. डीएचसीपी४ (म्हणजे राउटरकडून आपोआप आयपी घेणं) नो करा, अ‍ॅड्रेसेसमध्ये १९२.१६८.१.५०/२४ टाका (शेवटचं /२४ नसेल तर फाइल घेतच नाही), राउट्समध्ये डीफॉल्ट आणि त्याच्या व्हायाला राउटरचा आयपी, नेमसर्व्हर्समध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून आयपी शोधणारा सर्व्हर). गेटवे४ बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडेल, ते जुनं झालंय, वॉर्निंग येते. टॅब चुकूनही दाबू नका, यामलला फक्त स्पेस चालतात, माझी एक अख्खी संध्याकाळ त्या एका टॅबपायी गेलीय.

आयपी राउटरच्या डीएचसीपी रेंजच्या बाहेरचा घ्या हां, नाहीतर तोच आयपी एक दिवस कोणाच्या तरी मोबाईलला मिळतो आणि आपण केबल बदलत बसतो.

आता महत्त्वाचं. सेव्ह केल्यावर 'नेटप्लॅन अप्लाय' नको, 'नेटप्लॅन ट्राय' मारा. १२० सेकंदात एंटर दाबलं नाही तर जुनी सेटिंग आपोआप परत येते. मी पुण्यातून एसएसएचने (दूरच्या मशीनवर कमांड चालवायची सोय) गावाकडच्या दुकानातल्या मशीनवर थेट अप्लाय मारलं होतं, आयपीत एक आकडा चुकला आणि कनेक्शन गेलं ते गेलंच, बाबांना फोनवरून रीस्टार्ट करायला लावलं पण चूक आता फाइलमध्येच होती, रीस्टार्टने काय होणार, शेवटी रविवारी एसटी पकडून गेलो.

एवढं करूनही रीबूटनंतर बदललाच तर फाइलचं नाव बघा. ५०-क्लाउड-इनिट असेल तर ती क्लाउड-इनिटने (मशीन सुरू होताना सेटिंग लावणारा प्रोग्रॅम) बनवलेली आहे, तोच ती परत लिहून टाकू शकतो. ईटीसी/क्लाउडमधल्या क्लाउड.सीएफजी.डी फोल्डरात नावाच्या शेवटी .सीएफजी असलेली छोटी फाइल करून त्यात नेटवर्कची कॉन्फिग डिसेबल्ड लिहा, मग तो हात लावत नाही.